कशाचे टक्के? मोजमापातली शेकडा त्रुटी, नाशिकच्या काट्या-मापांवरून

काटा दहा किलोने चुकतो, एवढंच कुणी सांगितलं तर तो काटा चांगला की टाकाऊ, हे ठरवता येत नाही. लासलगावला भुईकाट्यावर कांद्याने भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरसकट ६,२०० किलो भरते. तिथे दहा किलो कमीजास्त झाले तर काटा चांगलाच म्हणायचा. दवाखान्यातल्या काट्याने ५० किलोच्या माणसाचं वजन ६० किलो दाखवलं, तर त्यावरून औषधाचा डोस ठरवणं धोक्याचं आहे. चूक दोन्हीकडे दहाच किलोंची. पण पहिल्या ठिकाणी ती ०.१६ टक्के आहे आणि दुसऱ्या ठिकाणी २० टक्के.

हिशेब शाळकरी मुलालाही जमेल असा आहे:

शेकडा त्रुटी = (मोजलेली किंमत − खरी किंमत) ÷ खरी किंमत × १००

वजाबाकीतून जे येतं ती निव्वळ त्रुटी. तिला किलो, मीटर, सेकंद असं एकक असतं. भागाकार केला की एकक निघून जातं, आणि मग किलोतली चूक आणि सेकंदातली चूक शेजारीशेजारी ठेवून कुठली मोठी ते बघता येतं. शेकडा त्रुटीचा खरा उपयोग हाच.

सूत्रात अडखळायला होतं ते भागाकाराच्या खालच्या जागी. तिथे खरी किंमत ठेवायची. वरच्या दवाखान्याच्या उदाहरणात घाईत ६० ने भागलं तर १६.७ टक्के येतात, म्हणजे काटा आहे त्यापेक्षा बरा दिसतो. या लेखात मी पुन्हा पुन्हा एकच प्रश्न विचारणार आहे: टक्के ठीक, पण कशाचे? शेकडा त्रुटीतले बहुतेक घोटाळे या प्रश्नाला उत्तर न दिल्याने होतात.

चिन्हाबद्दल थोडक्यात. शाळेत अधिक-उणे सोडून नुसता आकडा लिहायला सांगतात. मला ते पटत नाही. काटा दोन टक्के जास्त दाखवतो की दोन टक्के कमी, यावर गिऱ्हाईक लुबाडलं जातंय की दुकानदार, हे ठरतं. हवामान खातं पावसाच्या आकड्यांत चिन्ह जपतं ते याचसाठी. सरासरीपेक्षा १९ टक्के कमी ते १९ टक्के जास्त म्हणजे सामान्य पाऊस, उणे २० ते उणे ५९ म्हणजे तूट. तो आकडा त्रुटीचा नसतो, सरासरीपासून किती दूर गेलो त्याचा असतो. पण गणित हेच, आणि चिन्ह पुसलं तर अतिवृष्टी आणि दुष्काळ एकसारखे दिसतील.

किराणा दुकानातली पट्टी

पंचवटीतल्या किंवा सिडकोतल्या कुठल्याही किराणा दुकानात जा आणि इलेक्ट्रॉनिक काट्याच्या अंगावरची पट्टी वाचा. साधारण असं लिहिलेलं असतं: मॅक्स ३० किलो, मिन १०० ग्रॅम, ई = ५ ग्रॅम, क्लास ३. बहुतेकांची नजर ३० किलोवर जाते. मला त्यातलं 'मिन १०० ग्रॅम' सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

'ई' म्हणजे काट्याची पडताळणी ज्या पायरीने होते ती पायरी. हा काटा पाच-पाच ग्रॅमने आकडा बदलतो. क्लास म्हणजे काट्याच्या अचूकतेचा वर्ग. क्लास ३ च्या काट्याला नियमाने किती चुकायची मुभा आहे, ते या पायरीवरूनच ठरतं: ५०० पायऱ्यांपर्यंत अर्धी पायरी, २,००० पायऱ्यांपर्यंत एक, त्यापुढे दीड. म्हणजे आपल्या काट्यावर अडीच किलोपर्यंत अडीच ग्रॅम, दहा किलोपर्यंत पाच ग्रॅम आणि त्याच्या वर साडेसात ग्रॅम. ही पडताळणीच्या वेळची मर्यादा. दुकानात वापरात असलेल्या काट्याची तपासणी होते तेव्हा याच्या दुप्पट चालते.

आता टक्के काढू. एक किलो साखर घेतली तर अडीच ग्रॅमची चूक म्हणजे ०.२५ टक्के, कुणाला पत्ताही लागत नाही. १०० ग्रॅम शेंगदाणे घेतले तर तेच अडीच ग्रॅम अडीच टक्के होतात. ५० ग्रॅम खसखशीला पाच टक्के. २० ग्रॅम वेलची घेतली तर साडेबारा टक्के. काटा तोच, पडताळलेला, दुकानदार प्रामाणिक, आणि तरीही वेलचीच्या पुडीत आठव्या हिश्शाची तफावत असू शकते. मुभा ग्रॅममध्ये ठरलेली आहे आणि आपण ज्याने भागतो ते वजन लहान होत गेलंय, एवढंच कारण. म्हणूनच क्लास ३ च्या काट्याला किमान वजनाची अट आहे: वीस पायऱ्या. पाच ग्रॅमची पायरी असेल तर १०० ग्रॅम. त्याच्या खाली हा काटा वापरूच नये, असं ती पट्टी सांगत असते. वेलची, केशर अशा महागड्या वस्तू थोड्या घ्यायच्या असतील तर सीलबंद पुडी घेणं किंवा बारीक पायरीचा काटा असलेल्या दुकानात जाणं बरं. सराफ बाजारातला काटा वरच्या वर्गाचा असतो तो याच कारणाने. तिथे एक ग्रॅमची नथसुद्धा तोलायची असते.

भुईकाट्यावरची वजाबाकी

नाशिक जिल्ह्यात शेकडा त्रुटी सगळ्यात जास्त पैशांची होते ती भुईकाट्यावर. लासलगाव, पिंपळगाव बसवंत, कुठल्याही बाजार समितीत क्रम ठरलेला आहे. गाडीतल्या कांद्याचा लिलाव होतो, भरल्या गाडीचं वजन होतं, व्यापाऱ्याच्या खळ्यावर माल खाली होतो आणि मग रिकाम्या गाडीचं वजन. दोन आकड्यांची वजाबाकी म्हणजे कांदा. कांदा स्वतः काट्यावर कधी चढतच नाही.

भरलेला ट्रॅक्टर-ट्रॉली ६,२०० किलो, रिकामा ३,४०० किलो, असं धरू. कांदा २,८०० किलो, म्हणजे २८ क्विंटल. भुईकाट्याची पायरी दहा किलोची असेल तर वरच्याच नियमाने पाच टनांपर्यंत पाच किलो आणि त्यापुढे वीस टनांपर्यंत दहा किलो मुभा. पहिल्या वजनात दहा किलो म्हणजे ०.१६ टक्के, दुसऱ्यात पाच किलो म्हणजे ०.१५ टक्के. दोन्ही आकडे छान. पण वजाबाकीत वाईटात वाईट काय होईल? भरल्या गाडीला दहा किलो कमी आणि रिकाम्या गाडीला पाच किलो जास्त. कांद्यात १५ किलोंची घट. आणि आता भागायचं ते २,८०० ने: ०.५४ टक्के. दोन्ही वजनं ०.१६ टक्क्यांच्या आत बरोबर असताना त्यांच्यातला फरक अर्ध्या टक्क्याहून जास्त चुकू शकतो.

वजाबाकीचा हा स्वभाव नीट लक्षात ठेवण्यासारखा आहे. निव्वळ त्रुट्यांची बेरीज होते आणि ज्याने भागायचं ती रक्कम मात्र लहान होते. गाडीत माल जितका थोडा तितकं हे वाढत जातं. एखाद्या शेतकऱ्याने पिकअपमध्ये तीनच क्विंटल आणले, रिकामी गाडी १,७०० आणि भरलेली २,००० किलो. दोन्ही वजनांत पाच-पाच किलोंची मुभा, मिळून दहा. ३०० किलोंवर ती ३.३ टक्के होते. थोडा माल असलेल्यांनी तो शक्य तर लहान काट्यावर, गोणी-गोणीने मोजून घ्यावा.

एक गोष्ट मात्र वजाबाकीने सुधारते. पावसाळ्यात काट्याच्या प्लॅटफॉर्मवर चिखल साचतो आणि काटा रिकामाच २० किलो दाखवायला लागतो. ही शून्यातली चूक. भरल्या गाडीतही २० जास्त, रिकाम्यातही २० जास्त, वजाबाकीत दोन्ही कटतात. पण मधल्या वेळात कुणी चिखल धुतला, तर पहिल्या वजनात तो आहे आणि दुसऱ्यात नाही. कांदा कागदावर २० किलोंनी वाढतो. म्हणून दोन्ही वेळा गाडी चढण्याआधी काटा शून्य दाखवतोय का, हे स्वतः बघून घ्यावं. काटा टक्क्यांच्या प्रमाणात चुकत असेल, समजा प्रत्येक वजन एक टक्का कमी दाखवत असेल, तर मात्र वजाबाकी काही करू शकत नाही; कांदाही एक टक्का कमीच भरतो.

आणि ड्रायव्हर. भरल्या गाडीच्या वेळी तो खाली उभा आणि रिकाम्या गाडीच्या वेळी स्टिअरिंगवर बसलेला, तर ७० किलो कांदा कमी धरला जातो. २,८०० वर हे अडीच टक्के. क्विंटलला १,५०० रुपये भाव धरला तर काट्याच्या पूर्ण मुभेचे २२५ रुपये होतात आणि ड्रायव्हरचे १,०५०. काट्याची पडताळणी कितीही चोख असली तरी ही चूक तिच्यात दिसणार नाही. दोन्ही वेळा बसा किंवा दोन्ही वेळा उतरा.

ग्रॅम की टक्के

मर्यादा ग्रॅममध्ये घालायची की टक्क्यांत? दोन्हींची अडचण आता लक्षात आली असेल. फक्त ग्रॅममध्ये घातली तर लहान वस्तूंवर अन्याय, फक्त टक्क्यांत घातली तर लहान वस्तू मोजणं कुठल्याच यंत्राला परवडणार नाही. २०११ च्या वैधमापन आवेष्टित वस्तू नियमांत यावर काढलेला मार्ग मला फार आवडतो. सीलबंद पाकिटावर लिहिलेल्या वजनात किती फरक चालेल, याचा तक्ता आहे. ५० ग्रॅमपर्यंत ९ टक्के. ५० ते १०० ग्रॅम: सरसकट साडेचार ग्रॅम. १०० ते २०० ग्रॅम: साडेचार टक्के. २०० ते ३०० ग्रॅम: ९ ग्रॅम. ३०० ते ५०० ग्रॅम: ३ टक्के. ५०० ग्रॅम ते एक किलो: १५ ग्रॅम. एक ते दहा किलो: दीड टक्का.

सांध्याच्या ठिकाणी बघा. ५० ग्रॅमचे ९ टक्के म्हणजे साडेचार ग्रॅम. पुढचा टप्पा तिथूनच सुरू होतो. १०० ग्रॅमला साडेचार ग्रॅम म्हणजे साडेचार टक्के. पुढचा टप्पा तिथून. कुठेही उडी नाही. एका टप्प्यात टक्के स्थिर, पुढच्यात ग्रॅम स्थिर, असं करत मर्यादा हळूहळू कडक होत जाते. ही मुभा एखाद्या पाकिटापुरती आहे. तपासायला घेतलेल्या पाकिटांची सरासरी लिहिलेल्या वजनापेक्षा कमी भरता कामा नये, अशी अटही सोबत आहे. त्यामुळे कारखानदाराला प्रत्येक पाकीट मुद्दाम थोडं थोडं कमी भरून मर्यादेच्या आत लपता येत नाही.

हाच विचार घरातल्या शुगर मोजण्याच्या यंत्रालाही लावलेला आहे. आयएसओ १५१९७ या मानकाच्या २०१३ च्या आवृत्तीत असं आहे की रक्तातली साखर १०० किंवा त्याहून जास्त असेल तर १०० पैकी ९५ वेळा तरी आकडा १५ टक्क्यांच्या आत असावा, आणि १०० च्या खाली असेल तर १५ मिलिग्रॅमच्या आत. म्हणजे खरी साखर २०० असताना यंत्राने १७० ते २३० मधलं काहीही दाखवलं तरी ते यंत्र मानकाला धरून आहे. आईची शुगर काल २०५ होती आणि आज २२० आली म्हणून घरात कुणी गोळी वाढवायचा विचार करू नये. एवढा फरक यंत्राच्या मुभेतच बसतो. उलट खरी साखर ६० असेल तर यंत्र ७५ दाखवू शकतं, आणि तो आकडा बघून आपण निर्धास्त होऊ. १५ मिलिग्रॅम ६० चे २५ टक्के होतात. घाम, थरथर, गरगरणं सुरू असेल आणि यंत्र ७५ म्हणत असेल, तर लक्षणांकडे आधी बघावं.

कारखान्यात टक्के फार कमी ऐकू येतात. सातपूर-अंबडच्या वर्कशॉपमध्ये ड्रॉइंगवर '२५ ± ०.०२' असं मिलिमीटरमध्येच लिहिलेलं असतं. २५ मिलिमीटरचा शाफ्ट ०.०५ ने जाड झाला तर शेकडा त्रुटी फक्त ०.२ आहे, एक किलो साखरेवर वाण्याच्या काट्यालाही याहून जास्त मुभा असते. पण तो शाफ्ट बेअरिंगमध्ये जाणार नाही, जॉब रिजेक्ट होणार. शाफ्ट आणि बेअरिंग यांच्यातली फट किती, हे तिथे ठरवणारं आहे, आणि फट मिलिमीटरमध्ये असते. टक्के कमी म्हणजे काम चोख, असं धरून चालत नाही.

चूक वाढते कशी

एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १,०८९ चौरस फूट. टेप ढिली धरली आणि दोन्ही बाजू चार-चार इंच जास्त मोजल्या. प्रत्येक बाजूत चूक एक टक्क्याची. क्षेत्रफळ मात्र १,१११ चौरस फूट येतं, म्हणजे दोन टक्के जास्त. दोन मापांचा गुणाकार केला की त्यांच्या शेकडा त्रुट्या मिळवायच्या. चेंडूसारख्या गोल वस्तूचं घनफळ काढताना व्यास तीनदा गुणला जातो, म्हणून व्यासातली एक टक्का चूक घनफळात तीन टक्के होते. भागाकारातही हेच; वाईटात वाईट धरायचं असेल तर शेकडा त्रुट्यांची बेरीजच करायची. बेरीज-वजाबाकीत किलोंची बेरीज, गुणाकार-भागाकारात टक्क्यांची बेरीज: एवढं पाठ असलं तरी पुष्कळ निभतं.

यावरून मेहनत कुठे करायची तेही कळतं. विहिरीचा व्यास आणि खोली मोजून पाणी किती ते काढताना पायची किंमत २२/७ घ्यावी की ३.१४१६, असा वाद घालणारे भेटतात. २२/७ मधली चूक ०.०४ टक्के आहे. वीस फुटांच्या विहिरीचा व्यास दोरीने मोजताना दोन इंच इकडेतिकडे झाले तर ०.८ टक्के, आणि व्यासाचा वर्ग होणार म्हणून १.७ टक्के. आधी दोरी ताणून धरा, व्यास दोन-तीन दिशांनी मोजा. पायचं नंतर बघू.

टक्के जिथे चालत नाहीत

निफाडची थंडी द्राक्षवाल्यांची झोप उडवते. पारा फार उतरला की मणी तडकतात, म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, ठिबकने पाणी सोडतात. समजा खरं तापमान ४ अंश सेल्सियस आहे आणि बागेतला थर्मामीटर ५ दाखवतो. शेकडा त्रुटी किती? सेल्सियसमध्ये २५ टक्के. तेच फॅरेनहाइटमध्ये ३९.२ च्या जागी ४१, म्हणजे ४.६ टक्के. केल्विनमध्ये ०.३६ टक्के. थर्मामीटर एक, पहाट एक, चूक एक, आणि टक्के तीन. तापमान शून्यावर आलं तर सेल्सियसमध्ये भागाकारच करता येत नाही. सेल्सियसचं शून्य पाणी गोठण्याच्या जागी आपण सोयीने ठेवलेलं आहे; तिथे उष्णता संपत नाही. शून्य किलो म्हणजे काहीच वजन नाही, तसं हे नाही. सेल्सियस किंवा फॅरेनहाइटमधल्या तापमानाच्या बाबतीत म्हणून 'एक अंश जास्त दाखवतो' एवढंच म्हणावं. टक्क्यांत सांगितलेला आकडा तिथे निरर्थक आहे.

द्राक्षांच्या गोडीचं वेगळं आहे. रिफ्रॅक्टोमीटर ब्रिक्समध्ये आकडा देतो, आणि ब्रिक्स स्वतःच जवळजवळ टक्के आहेत: १०० ग्रॅम रसात साधारण किती ग्रॅम साखर. खरे १८ असताना यंत्राने १७ दाखवले तर कुणी म्हणतो 'एक टक्क्याचा फरक', कुणी म्हणतो 'साडेपाच टक्के चूक'. दोघांचंही बरोबर आहे. पहिला रसाचे टक्के सांगतोय, दुसरा १८ चे टक्के सांगतोय. व्यापाऱ्याशी बोलताना 'एक ब्रिक्स कमी दाखवतो' असं म्हटलं की भांडण मिटतं. मक्याच्या, सोयाबीनच्या ओलाव्याच्या यंत्रालाही हेच लागू आहे.

हे यंत्र वापरण्याआधी शुद्ध पाण्याचा थेंब टाकून शून्य लावून घ्यायचं असतं. ते न करता दहा घडांचा रस तपासून सरासरी काढली, तरी सरासरीत चूक जशीच्या तशी राहते. फिरून फिरून मोजल्याने फक्त अशा चुका कमी होतात ज्या कधी वर, कधी खाली जातात. एकाच बाजूला ओढणारी चूक शंभर वेळा मोजूनही हलत नाही. तिला शून्य तपासणं किंवा प्रमाणित मापाशी ताडून बघणं हाच उपाय.

खरी किंमत आणायची कुठून

इतका वेळ आपण खरी किंमत हातात आहे असं धरून चाललो. घरात नवीन किचन स्केल आणला आणि तपासायला एक किलोचं सीलबंद मिठाचं पाकीट ठेवलं, असं बरेच जण करतात. पण त्या पाकिटालाच १५ ग्रॅमची, म्हणजे दीड टक्क्याची मुभा आहे, आणि वर प्लास्टिकचं वजन. काट्याने १,००८ ग्रॅम दाखवले तर चूक काट्याची की पाकिटाची? सांगता येणार नाही. ज्याच्याशी ताडायचं ते तपासायच्या यंत्रापेक्षा चांगलं हवं. काटे पडताळताना वापरायच्या प्रमाणित वजनांची चूक काट्याच्या मुभेच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नसावी, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा दर १२ महिन्यांनी पडताळून त्यावर वैधमापन विभागाची मोहोर लागायला हवी, आणि प्रमाणपत्र दुकानात दिसेल असं लावायला हवं. तारीख बघायला संकोच करू नये.

इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी जागेवरच का करायची, याचंही कारण आहे. आतला लोडसेल, म्हणजे वजन जाणणारा भाग, वस्तुमान ओळखत नाही, तो ओझ्याचा दाब ओळखतो, आणि तो दाब गुरुत्वाकर्षणावर अवलंबून असतो. गुरुत्व त्वरण सगळीकडे सारखं नसतं. विषुववृत्ताकडे आणि उंचीवर ते कमी होतं. नाशिक २० अंश अक्षांशावर आणि समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच. हिशेबाने इथे ते ९.७८५ च्या आसपास येतं. मध्य युरोपात ९.८१ धरून जुळवलेला काटा नाशिकला आणून तसाच लावला, तर १०० किलोंना ९९.७५ दाखवेल. पाव टक्का, आणि तोही नेहमी एकाच बाजूला.

हाच आकडा शाळा-कॉलेजच्या लॅबमध्ये मुलांना छळतो. साधा लंबक, एक मीटर दोरी, आवर्तकाल मोजा, गुरुत्व त्वरण काढा, पुस्तकातल्या ९.८ शी ताडा. आवर्तकाल साधारण दोन सेकंद. स्टॉपवॉच दाबताना हात ०.२ सेकंद तरी पुढेमागे होतो. एकच आवर्तन मोजलं तर दोन सेकंदांत ०.२, म्हणजे दहा टक्के. सूत्रात काळाचा वर्ग आहे म्हणून उत्तरात वीस टक्के. वीस आवर्तनं एकदम मोजली तर तेच ०.२ सेकंद चाळीस सेकंदांत विभागले जातात: अर्धा टक्का, वर्ग करून एक टक्का. भागायची रक्कम मुद्दाम मोठी करायची, हे या प्रयोगातलं खरं शिकण्यासारखं आहे, आणि बहुतेक वर्गांत ते न सांगताच 'वीस आवर्तनं घ्या' असं सांगितलं जातं.

समजा एखादीला वीस आवर्तनांना ४०.४ सेकंद लागले. आवर्तकाल २.०२, त्याचा वर्ग ४.०८०४. सूत्रात वर ४ × पायचा वर्ग × लांबी असतं, एक मीटरला ते ३९.४७८; त्याला ४.०८०४ ने भागलं की ९.६७५. दोरीची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजताना दोन मिलिमीटर चूक शक्य धरली तर ०.२ टक्के, काळाचा एक टक्का, एकूण १.२ टक्क्यांच्या आत उत्तर यायला हवं. पुस्तकातल्या ९.८ शी ताडलं तर त्रुटी १.२८ टक्के, मर्यादेबाहेर. नाशिकच्या ९.७८५ शी ताडलं तर १.१२ टक्के, मर्यादेत. मुलीने प्रयोग नीट केलेला आहे. तिला चुकीच्या आकड्याशी ताडायला लावलं जातंय. आणि मग काय होतं, ते लॅब पाहिलेल्या सगळ्यांना ठाऊक आहे: ४०.४ खोडून ४०.१ लिहिलं जातं, उत्तर सुरेख ९.८२ येतं, जर्नलवर सही होते. मोजमापाचं शिक्षण तिथेच थांबतं. याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण खोडलेला आकडा खरोखर मोजलेला असतो.

जर्नलमध्ये तिने असं लिहावं: 'गुरुत्व त्वरण ९.६८, नाशिकसाठी ९.७८५ धरून शेकडा त्रुटी उणे १.१, उपकरणांवरून अपेक्षित मर्यादा १.२.' उणे १.१२४१७ असं कॅल्क्युलेटरवरचं सगळं उतरवू नये, काळ ०.२ सेकंदांनी डळमळीत असताना पुढच्या अंकांना आधार नाही. आणि पूर्ण मार्क या ओळीला द्यावेत, ९.८ ला नाही.